पंच्याखालचा भाव

१

त्या दिवशी वारा पडला होता. या देशात वारा पडला की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. सकाळपासून धुकं कालव्यावरून उठून थेट खिडकीशी येऊन उभं राहिलेलं. ट्रामची घंटा ऐकू यायची, ट्राम दिसायची नाही. पाऊस नव्हता, तरी काचेवर पाणी जमत होतं आणि एकेक थेंब वाट शोधत खाली उतरत होता. दत्तोबा त्यातला एखादा थेंब धरून तो चौकटीला पोचेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले होते. घाई कसलीच नव्हती.

मुलगा सारंग आणि सून मीनल सकाळी कामाला गेले की अ‍ॅमस्टेलव्हीनमधलं ते घर दत्तोबांचं एकट्याचं. पत्नी गेल्यावर सारंगनं त्यांना कोल्हापूरहून कायमचं इकडं आणलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. इथं एकाला एक चिकटून घरं. दोन घरांत एकच भिंत. त्या भिंतीवर पलीकडून चमच्यानं टकटक झाली की समजायचं, प्रमोदिनीबाईंची कॉफी तयार आहे. दिवसभरात मराठी बोलणारं तेवढंच एक माणूस.

प्रमोदिनीबाई मूळच्या विट्याच्या. तरुणपणी नर्स म्हणून इथं आल्या, विलेम नावाच्या इथल्याच एका शाळामास्तरांशी लग्न केलं, आणि राहिल्या. विलेम दोन वर्षांपूर्वी गेले. बाईंचं मराठी मात्र त्या विट्याहून निघाल्या तेव्हाचंच राहिलं होतं, कडक इस्त्रीचं.

त्या दिवशी भिंत वाजली नाही. बाई स्वतःच दारात आल्या, छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून.

"बिस्किटं आणलीत की काय?" दत्तोबा म्हणाले.

"खाऊन बघा. दात जागेवर राहिले तर सांगा."

डब्यात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं.

"घाबरलात का हो दत्ताभाऊ?"

"घाबरतोय कशाला? जन्म गेला की हेच पुसण्यात."

ते खरं होतं. शाळेचं तोंड न बघता दत्तोबा पोरवयातच कोल्हापुरात हेमचंद्रशेठच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात लागले, ते म्हातारे होईपर्यंत तिथंच. "पण भाव शेठ सांगायचे," ते म्हणाले. "मी नुसतं हत्यार पुसायचो."

"मी भाव विचारतेय हे कसं कळलं तुम्हाला?"

"बाई, असली वस्तू दाखवायला कोण आणतं? विकायचीच असते."

बाई बसल्या. कायद्याची भानगड नाही, म्हणाल्या. याची काडतुसं कुणी बनवत नाही, परवाना लागत नाही, विलेमनं पोलिसांत विचारून ठेवलं होतं. मग थोडा वेळ त्या नुसत्या डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिल्या.

"विलेमनं तीनदा विकलं हे. तीनदा परत आलं."

"म्हणजे?"

"पहिल्यानं दाराशी आणून ठेवलं. दुसऱ्यानं पार्सलनं पाठवलं. तिसरा वारला, तर त्याचा मुलगा इतक्या लांबून गाडी चालवत घेऊन आला. आणि भाऊ, पैसे कुणीच परत मागितले नाहीत. विलेम एवढंच म्हणायचा, भाव चुकला. कुणाचा चुकला, कसा चुकला, काही नाही. भाव चुकला, संपलं."

त्यांची मुलगी वसुधा वाखनिंगनला राहायची. तिला उन्हाळ्यात मूल झालं होतं. ती आईला कधीपासून बोलावत होती, कायमचंच.

"हे घरात असेपर्यंत मी त्या लेकराच्या दारात पाऊल टाकणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि फेकूनही देववत नाही. उइटहॉर्नचा एक व्यापारी शुक्रवारी येतोय. मला खरा भाव सांगा. कमी नको, जास्तही नको. खरा."

२

बाई गेल्यावर दत्तोबांनी खिडकीपाशी टेबल ओढलं, त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि चष्मा पुसला. पॉलिशला हात लावायचा नाही, हे शेठचं पहिलं सांगणं. जुन्या हत्याराला चकाकी आणली की त्याचा निम्मा भाव पुसला जातो.

बनावट बेल्जियमची. सहा गोळ्यांची फिरती चकरी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. नळीवरचा आकडा आणि चकरीवरचा आकडा एकच. म्हणजे कुणी अंग बदललेलं नव्हतं. निळी झिलई उतरून चॉकलेटी झाली होती, पण ती आपल्या आपण, वयानं. त्यांना बरं वाटलं.

ही जात रिमफायर. हिच्यात घोड्याचा ठोका काडतुसाच्या मधोमध बसत नाही, कडेवर बसतो. त्यामुळं कुणी रिकामंच चाप ओढत बसलं तर चकरीच्या कडेला खळ्या पडतात. हौशी मालकाचा हात तिथं ओळखू येतो. दत्तोबांनी चकरी फिरवून सहाही घरं नखानं चाचपली. एकही खळी नाही. नळीतून उजेडाकडं बघितलं. आतले आटे धारदार. म्हणजे हे फारसं वाजलंच नव्हतं.

मग झीज कशाची?

झीज होती. मुठीवर होती, ती असायचीच. पण नळीवरही होती. नळीच्या तोंडाशी, एका अंगाला, शेजारीशेजारी चार उथळ खोलगट जागा. पलीकडच्या अंगाला एक, जरा रुंद. पायरीचा दगड पावलांनी झिजतो तसं लोखंड झिजलेलं.

दत्तोबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. नळीला कोण धरतं? अक्रोड फोडायला वापरलं असेल, ते स्वतःशी म्हणाले. पण मग मुठीच्या बुडाला टवके हवेत. टवके नव्हते. भिंतीला टांगून ठेवलं असेल, दोरीनं घासलं असेल. पण दोरी चार जागी कशाला बांधतील?

काही वेळानं त्यांना वाटलं, एकानं मूठ धरावी आणि समोरच्यानं नळी धरावी, आणि दोघांनी बराच काळ सोडूच नये, तर असं होईल. मग त्यांना आपलंच हसू आलं. एवढा काळ कोण उभं राहतं?

३

हेमचंद्रशेठ बोलून भाव करत नसत. बैलबाजारात करतात तसं, गिऱ्हाइकाच्या हातावर पंचा टाकायचे आणि त्याखाली बोटं धरायचे. एक बोट म्हणजे एक शेकडा, बोटाचं मधलं पेर दाबलं की अर्धा. वर दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारताहेत आणि खाली सौदा चाललाय. दत्तोबांचं काम पंच्याचं टोक धरून उभं राहायचं. आत काय चाललंय ते कधी कळायचं नाही.

आणि शेठ आणखी एक करायचे. वस्तू अवघड असली की डोळ्यांनी बघायचं थांबवून तिच्यावर पंचा टाकायचे, आत हात घालून चाचपायचे. डोळा चकाकीला भुलतो, बोटं भुलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

दत्तोबांनी खांद्यावरचा पंचा काढून रिव्हॉल्व्हरवर टाकला. जन्मात पहिल्यांदा ते पंच्याच्या आतल्या बाजूला बसत होते, आणि समोर शेठ नव्हते. त्यांना लहान मुलासारखी गंमत वाटली. त्यांनी डोळे मिटले आणि हात आत घातला.

मूठ, चाप, चकरी. मग नळी. चार बोटं त्या चार खोलगट जागांत जाऊन बसली, आपली असल्यासारखी.

"चारशे," ते सहज म्हणाले. युरो म्हणायचं राहिलं.

घरात आवाज नव्हता. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरत होता, तोही थांबला.

पंच्याखाली कुणीतरी त्यांचा अंगठा धरला. जोरात नव्हे. मुलाला पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढायला शिकवताना धरतात तसा, हळूच. उचलला, आणि नळीच्या पलीकडच्या रुंद खोलगटात नेऊन टेकवला.

चारावर एक. पाच.

दत्तोबांनी पंचा ओढून काढला. वर्तमानपत्रावर रिव्हॉल्व्हर पडलं होतं आणि त्यावर त्यांचा स्वतःचा हात, अंगठा टेकवलेला. दुसरं काही नव्हतं. खिडकीबाहेर धुकं तसंच उभं होतं.

हात बधिर झाला असेल, त्यांना वाटलं. म्हातारपणी बोटं आपल्या मनानं हलतात; सारंगनं त्यासाठी डॉक्टरांकडंही नेलं होतं. पण धरलेलं कळतं माणसाला. आणि ज्यानं धरलं त्याचं नख अगदी आखूड कापलेलं होतं, हे त्यांना कुठून कळलं?

४

संध्याकाळी जेवताना त्यांनी रिव्हॉल्व्हरचं सांगितलं. हाताचं सांगितलं नाही.

"आप्पा, तुम्ही इथं बंदुकीचे सल्ले देताय?" मीनल वाढता वाढता थांबली. "शेजारी म्हणतील, मीनलचे सासरे गँगस्टर आहेत."

"शेजारी म्हणजे प्रमोदिनीबाईच की. त्यांनीच आणलं."

सारंगनं लॅपटॉप उघडला आणि लिलावांचे भाव शोधले. "बेल्जियन, रिमफायर, चालू स्थितीत... चारशेपासून सहाशेपर्यंत. आप्पा, यात भाव वगैरे काही नसतं हो. घेणाऱ्याला जेवढं द्यावंसं वाटेल तेवढा."

"दोघांनाही बरोबर वाटला पाहिजे," दत्तोबा म्हणाले.

"कोण दोघं?"

"घेणारा आणि देणारा रे. आणखी कोण?"

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं. स्वच्छ ऊन पडलं, आणि उन्हात कालची गोष्ट अगदीच खुळचट वाटली. म्हणूनच, आणि भीतीपेक्षा कुतूहल जास्त म्हणूनही, दत्तोबा पुन्हा टेबलाशी बसले. पंचा टाकला. डोळे उघडे ठेवले. पंच्यावर निळ्या काठाची रेघ होती, तिच्यावर नजर ठेवून हात आत घातला.

या वेळी मुद्दाम तीनच बोटं टेकवली.

बराच वेळ काही नाही. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. मग पंच्यावरची निळी रेघ एका जागी उंच झाली, जिथं त्यांचा हात नव्हता तिथं. आणि त्यांचं चौथं बोट उचललं गेलं, जागेवर बसवलं गेलं. मग अंगठा. मग तर्जनीचं मधलं पेर एकदा दाबलं गेलं.

साडेपाच.

त्यांनी हट्टानं चार धरले. पुन्हा साडेपाच. सहा करावे म्हणून दुसरा हात आत नेऊ लागले, तर मनगटावर तळवा पडून तो थोपवला गेला. राग नव्हता त्यात. कोरडा, जाड, कष्टाचा तळवा होता, आणि कमालीचा धीराचा. ज्याला दुसरं काही काम उरलेलं नाही अशा माणसाचा.

घासाघीस न करणारा व्यापारी दत्तोबांनी जन्मभरात पाहिला नव्हता. भीती वाटायची राहिली बाजूला. मनात आलं, माणूस सरळ आहे.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण माणूस म्हणालो, आणि त्यांनी हात बाहेर काढला.

५

भिंत वाजली. बाईंच्या स्वयंपाकघरात कपाटं उघडी होती, ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या होत्या.

"एवढी खात्री?" दत्तोबा म्हणाले.

"तुमच्या भावावर आहे. लागला का?"

त्यांनी कॉफीत साखर ढवळली. ती कधीच विरघळून गेली होती.

"हे विलेमच्या घरात आलं कसं?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या आजोबांकडून. ते गुरांचे व्यापारी. एका सौद्यात आलं म्हणतात, याहून जास्त कुणी सांगत नाही. आपल्याकडे पंच्याखाली चालतं ना, तसं इथं उघड्यावर चालायचं. एकमेकांच्या हातावर टाळी देत देत भाव करायचे. शेवटची टाळी पडली की सौदा पक्का." बाई हसल्या. "विट्याच्या बैलबाजारात मी वडिलांना विचारायची, ते पंच्याखाली काय लपवतात हो? वडील म्हणायचे, लाज."

दत्तोबांना हसू आलं नाही. ते गुंडाळलेल्या ताटल्यांकडं बघत होते. खरा भाव सांगितला की हे जाणार. हे गेलं की बाई जाणार. मग सकाळी घर रिकामं झालं की संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढायचा तो कुणाशी? खिडकीतल्या थेंबांशी? भाव चुकला तर मात्र वस्तू परत येईल, बाई वैतागतील, आणि भिंत वाजत राहील. बाईंचं असं काय बिघडणार होतं? इतकी वर्षं सांभाळलंच की त्यांनी.

"चारशे," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी व्यापारी आला. ताडमाड, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. त्यानं रिव्हॉल्व्हर उलटसुलट केलं, आकडे जुळवले, नळीतून बघितलं. चारशे ऐकल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. त्यानं बाईंना काहीतरी विचारलं.

"भाव कुणी ठरवला विचारतोय. मी तुमचं नाव सांगितलं," बाई म्हणाल्या. "हात पुढे करा दत्ताभाऊ, टाळी मागतोय तो. गुरांच्या बाजारातला दिसतोय."

त्यानं उजवा तळवा उताणा धरला होता. दत्तोबांनी हात उचलला. पण खोट्या भावावर टाळी त्यांच्यानं देववेना. हात अर्ध्या वाटेतच डाव्या हाताला जाऊन मिळाला, आणि त्यांनी नमस्कार केला.

व्यापारी खो खो हसला. त्यानंही वाकून नमस्कार केला, पैसे मोजून दिले, डबा पिशवीत टाकला आणि गेला.

टाळी पडली नाही.

६

आठ दिवस थांबून बघते, बाई म्हणाल्या होत्या. दत्तोबाही वाट बघत होते. दाराची घंटी वाजली की कान टवकारत. पार्सलवाला शेजारी थांबला की पडदा सारून बघत. त्यांना ते परत यायला हवं होतं, आणि हवं आहे याची त्यांना लाजही वाटत होती.

ते आलं नाही. भिंतही वाजली नाही. पलीकडून नुसते खोकी ओढल्याचे आवाज यायचे.

त्या सकाळी गारठा होता. दत्तोबा खुर्चीत बसले, मांडीवर पंचा पसरला आणि ऊब यावी म्हणून उजवा हात त्याखाली घेतला. खिडकीतून कालवा दिसत होता. एक बदक पाण्यावर रेघ ओढत चाललं होतं. ते बदक पुलाखाली जाईपर्यंत बघावं, एवढाच विचार त्यांच्या मनात होता.

पंच्याखाली त्यांची चार बोटं कुणीतरी हातात घेतली.

नळी नव्हती आता मध्ये. रिव्हॉल्व्हर तिथून कितीतरी मैल लांब, कुणाच्या तरी काचेच्या कपाटात असेल. नुसता हात होता. त्यानं चार बोटं मोजली. अंगठा धरला. तर्जनीचं पेर एकदा दाबलं. मग थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून. चार, अंगठा, पेर. राग नाही, घाई नाही. चुकलेलं गणित मास्तर पुन्हा समजावून सांगतात, तसं.

"साडेपाचच," दत्तोबा पुटपुटले. "साडेपाचच होता. मला ठाऊक होतं."

हात उताणा झाला. पंचा मधोमध जरासा खचला, ओंजळीएवढा. तळवा उघडा ठेवून तो वाट बघू लागला.

टाळी द्यायची की नाही? काय पक्कं होईल त्यानं, आणि कुणाशी? ते आपला हात हळूच मागं घेऊ लागले. उघडा तळवा तसाच मिटला आणि त्यांची बोटं आत राहिली.

दाराची घंटी वाजली.

ते उठले. पंचा हातावरून घसरला नाही. ते चालू लागले, तसं पंच्याखालचंही बरोबर चालू लागलं. ओढ नाही, वजन नाही, हाताला हात लावून कुणी सोबत यावं तेवढंच. डाव्या हातानं त्यांनी दार उघडलं.

प्रमोदिनीबाई कोट घालून उभ्या होत्या. मागं रस्त्यावर वसुधाची गाडी चालू होती, मागच्या सीटवर बाळ टोपी घालून झोपलेलं. बाईंचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"नाही आलं बघा परत! सुटले मी. खोकी नंतर नेतील, आधी मीच चालले." त्यांचे डोळे भरून आले. "इतक्या जणांनी सांगितला, पण भाव तुम्हालाच कळला हो, दत्ताभाऊ."

दत्तोबांनी तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, तो भाव खरा नव्हता. बोललो की बाई थांबतील, कोट काढतील, गाडी बंद होईल. आणि पंच्याखालचं हे कदाचित जिथलं तिथं जाईल, भिंतीपलीकडं.

त्यांनी गाडीतल्या टोपीकडं बघितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "सावकाश जावा."

पंच्याखाली त्यांची बोटं पुन्हा मोजली जाऊ लागली. निळी रेघ वर झाली, खाली झाली. बाईंची नजर तिकडं गेली, आणि माहेरची काहीतरी आठवण आल्यासारख्या त्या गालात हसल्या.

"अगंबाई, सौदा चाललाय वाटतं कुणाशी? चालू द्या, चालू द्या. मी येते."